सूर्य मावळायच्या आत

माणसाला काही गोष्टी वडिलोपार्जित मिळतात. कुणाला जमीन मिळते, कुणाला सोनं मिळतं, कुणाला नुसता गाता गळा मिळतो. आमच्या घराण्यात राग मिळतो. त्यात वाटणीची भानगड नाही. प्रत्येकाला पुरून उरेल इतका आहे. आमचे आजोबा रागावले की गल्लीतली कुत्री बोळात शिरायची, असं आत्या सांगायची. सांगता सांगता तिलाही राग यायचा आणि मग आम्ही बोळात शिरायचो.

माझ्या वाट्याला आलेला राग मी बँकेतल्या नोकरीत पस्तीस वर्षं जपून वापरला. साहेबावर रागावता येत नाही, म्हणून तो घरी आणायचा. घरी बायकोवर रागावण्याची सोय नाही, म्हणून तो स्कूटरवर काढायचा. स्कूटरने त्या काळात माझ्या जितक्या लाथा खाल्ल्या, तितक्या कुठल्या गाढवानेही खाल्ल्या नसतील. निवृत्त झालो, स्कूटर विकली आणि रागाला वाटच उरली नाही. हल्ली मी फोनवर रागावतो. परवा एका कार्यालयाला फोन लावला, तर एक बाई पंधरा मिनिटं मला सांगत होती की माझा फोन त्यांच्यासाठी महत्त्वाचा आहे. मी तिला जे सुनवायचं ते सुनवलं. आतून बायको म्हणाली, "अहो, ती बाई नाही, टेप आहे."

"टेप आहे म्हणून काय झालं?" मी म्हटलं, "ऐकून घ्यायला नको?"

आता तुम्ही म्हणाल, यात काय एवढं? राग कुणाला येत नाही? खरं आहे. पण आमची पंचाईत अशी की आम्ही पडलो ख्रिस्ती. सामान्य माणूस रागावला तर लोक म्हणतात, तापट आहे बिचारा. ख्रिस्ती माणूस रागावला तर लोक म्हणतात, "काय हो, तुमच्यात दुसरा गाल पुढे करतात ना?" हे वाक्य मी आयुष्यात इतक्या वेळा ऐकलंय की ते ऐकलं की मला राग येतो. समोरच्या ब्लॉकमधले काका तर पाण्याच्या टाकीवरून वाद झाला की दुसऱ्या मिनिटाला माझ्या गालाकडे बघायला लागतात.

हेच काका एकदा शांत असताना मला म्हणाले, "आमच्याकडे षड्रिपू आहेत. त्यात क्रोध दुसऱ्या नंबरावर." मी म्हटलं, आमच्याकडेही यादी आहे. सहाव्या शतकाच्या अखेरीला ग्रेगरी नावाच्या पोपने महापापांची सात नावं काढली, त्यात क्रोध आहेच. म्हणजे सहाच्या यादीत क्रोध, सातच्या यादीत क्रोध. कुठल्यातरी एका यादीतून तो चुकून निसटला असता तर माणसाला धर्मांतराचा विचार तरी करता आला असता!

पण रागीट माणूस म्हणजे मुळात वकील. त्याला कायदा कळो न कळो, पळवाट बरोबर कळते. मीही पवित्र शास्त्रात पळवाटा शोधल्या. सापडल्याही. खुद्द येशूचे शिष्य काही लोण्याचे गोळे नव्हते. याकोब आणि योहान या दोघा भावांचं त्याने नावच मुळी 'गर्जनेचे पुत्र' असं ठेवलं होतं. शोमरोनातल्या एका खेड्याने उतरायला जागा दिली नाही, तर हे दोघे आकाशातून अग्नी पाडून गाव जाळायला निघाले होते. आणि पेत्राने तर धरपकडीच्या रात्री तलवार उपसून महायाजकाच्या चाकराचा कानच उडवला. मल्ख त्या चाकराचं नाव. येशूने त्या गडबडीतही तो कान बरा केला, ही गोष्ट मी त्या वेळी वाचून सोडून देत असे.

माझी सगळ्यात भक्कम पळवाट म्हणजे मंदिरातले चौरंग. येशूने दोऱ्यांचा कोरडा करून यरुशलेमच्या मंदिरातले व्यापारी हाकलले, सराफांचे चौरंग पालथे केले. सांगा आता! खुद्द प्रभूला राग आला, तर माझ्यासारख्या बँकेतल्या कारकुनाने काय करावं? हा मुद्दा मी एकदा आमच्या पाळकसाहेबांपुढे ठेवला. पाळकसाहेब वयाने माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान आहेत, पण अंगाने आणि विचाराने ऐसपैस. त्यांनी ऐकून घेतलं, चहाचा घोट घेतला आणि विचारलं, "काका, तुम्ही शेवटचा चौरंग कधी पालथा केलात?"

मी म्हटलं, "परवा. म्हणजे चौरंग नाही, ताट. भाजीत मीठ नव्हतं."

"हं. म्हणजे स्वतःसाठी," ते म्हणाले. "येशूचा राग कुठे कुठे दिसतो ते एकदा बघा. देवाच्या घराचा बाजार झाला तिथे दिसतो. वाळलेल्या हाताचा माणूस समोर उभा असताना लोक शब्बाथाचे नियम मोजत बसले, तिथे दिसतो. आता स्वतःसाठी रागावल्याची एक जागा मला काढून दाखवा."

मी घरी येऊन चारही शुभवर्तमानं चाळली. नाही सापडली. चौकशी चालू असताना एका शिपायाने त्याच्या तोंडात मारली, तेव्हाही त्याने शिवी दिली नाही, हात उचलला नाही आणि गप्पही बसला नाही. माझं काही चुकलं असेल तर दाखव, चुकलं नसेल तर का मारतोस, एवढंच विचारलं. म्हणजे अन्याय मुकाट्याने गिळा असंही तिथे म्हटलेलं नाही. जाब विचारायला बंदी नाही. जाब विचारताना ताट भिरकावायला बंदी आहे. माझी भक्कम पळवाट अशी चहाच्या एका कपात बुडाली.

मग मी उपायांकडे वळलो. रागावर उपाय सांगणारे लोक जगात पुष्कळ. एकाने सांगितलं, दहापर्यंत आकडे मोजा. मी बँकेत पस्तीस वर्षं आकडेच मोजले; आकडे दिसले की मला राग येतो. दुसऱ्याने सांगितलं, थंड पाणी प्या. आमच्या इमारतीत पाणी हेच रागाचं कारण. तिसऱ्याने सांगितलं, राग आला की सरळ उठून जा, एकटे राहा. हा उपाय मला पटला होता. लोक आहेत म्हणून राग येतो. लोक नसले की राग नाही.

पण तोही उपाय सोळाएकशे वर्षांपूर्वी करून झालेला आहे. इजिप्तच्या वाळवंटात त्या काळी ख्रिस्ती तपस्वी राहायचे, त्यांची एक गोष्ट आहे. मठात राहणाऱ्या एका तपस्व्याला सोबत्यांचा फार राग यायचा. त्याने विचार केला, एकटा राहीन म्हणजे कटकट नको. गेला लांब, राहिला एकटा. एक दिवस त्याने पाण्याचा घडा भरून खाली ठेवला, तो कलंडला. पुन्हा भरला, पुन्हा कलंडला. तिसऱ्यांदा भरला, तिसऱ्यांदा कलंडला. तेव्हा या गृहस्थाने तो घडा उचलून असा आपटला की खापऱ्या खापऱ्या. मग त्या खापऱ्यांकडे बघत तो जरा वेळ बसला आणि उठून मुकाट्याने मठात परत गेला. राग यायला माणसंच लागतात असं नाही, हे त्याला कळलं होतं. मला ही गोष्ट वाचून स्कूटरची आठवण आली. पण तो शहाणा एका घड्यात शहाणा झाला. मला पस्तीस वर्षं लागली.

खरा उपाय आमच्या घरातच होता. तो माझ्या वडिलांकडे होता.

वडिलांना आम्ही आण्णा म्हणायचो. ते अहमदनगर जिल्ह्यातल्या एका खेड्यात मिशनच्या शाळेत मास्तर होते. नगरचं आता अहिल्यानगर झालं, पण आमच्या तोंडात अजून नगरच बसलंय. 1831 साली अमेरिकन मराठी मिशनचे लोक नगरला आले तेव्हापासून त्या भागात अशा शाळा निघत गेल्या. आण्णांचा राग घराण्याला साजेसा होता. पाढा चुकला की छडी, आणि छडी सापडली नाही तर हात. पण या रागाला एक विचित्र शेपूट होतं. संध्याकाळी सूर्य कलला की आण्णा डोक्यावर टोपी घालायचे आणि बाहेर पडायचे. ज्या मुलाला दिवसा मारलं असेल त्याच्या घरी जायचे. खिशात चिंचा नाहीतर बोरं असायची. दारात उभं राहून त्या एवढ्याशा पोराला म्हणायचे, "मी तुला मारलं ते चुकलं. मला माफ कर. पण सात नव्वे त्रेसष्टच होतात. ते पाठ कर."

लहानपणी मला याची लाज वाटायची. मास्तरने विद्यार्थ्याची माफी मागायची म्हणजे काय! आईचीही माफी मागायचे, ती तर स्वयंपाकघरात जाऊन. आई म्हणायची, "रोज माफी मागण्यापेक्षा एक दिवस रागावूच नका की." आण्णा म्हणायचे, "ते माझ्या हातात असतं तर माफी कशाला लागली असती?"

हे सगळं कशावरून, तर पौलाने इफिस इथल्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात एक सूचना आहे. राग आला तरी त्याचं पाप होऊ देऊ नका, आणि सूर्य मावळायच्या आत राग संपवा. राग येऊच देऊ नका असं पौल इथे सांगत नाही. तो राग उतरवायची वेळ ठरवून देतो. हे मला फार व्यवहारी वाटतं. आमच्या बँकेत दिवसाची कॅश दिवसा जुळवल्याशिवाय घरी जाता येत नसे. चूक दहा पैशांची असो की दहा हजारांची, ती त्याच संध्याकाळी शोधायची. एक रात्र मध्ये गेली की चूक सापडत नाही, तिला मुलंबाळं होतात.

अर्थात यातही माझ्यातल्या वकिलाने तोंड घातलंच. आमच्याकडे जूनमध्ये सूर्य सव्वासातच्या सुमाराला मावळतो आणि डिसेंबरच्या सुरुवातीला सहाच्या आतच. म्हणजे उन्हाळ्यात रागवायला तासभर जादा मिळतो. आणि नॉर्वेच्या उत्तरेकडच्या ख्रिस्ती माणसाची तर चैनच! तिथे उन्हाळ्यात दोन महिने सूर्य मावळतच नाही. मी हे आण्णांना एकदा विचारलं होतं. ते म्हणाले, "मग त्याच थंडीत दोन महिने सूर्य उगवत नाही. तेव्हा तो रागावणारच कधी?" मास्तरांशी वाद घालू नये.

पौलाने त्या वाक्याच्या पाठोपाठ आणखी एक ताकीद दिली आहे: सैतानाला जागा देऊ नका. पुण्यात राहिलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको. भाडेकरू ठेवताना आपण म्हणतो, अकरा महिन्यांसाठी देतोय. पुढे मालक म्हातारा होतो, मरतो, त्याची मुलं कोर्टाच्या पायऱ्या झिजवतात आणि भाडेकरू गच्चीत पापड वाळत घालत असतो. राग हा तसला भाडेकरू आहे. त्याला एक रात्र मुक्कामाला ठेवलं की सकाळी तो रेशनकार्डावर नाव घालून मागतो.

आण्णांचा आधार होता तो ना. वा. टिळकांचा. "टिळकांनासुद्धा राग यायचा," हे ते अशा आवाजात सांगायचे की जणू राग ही नगरच्या ख्रिस्ती समाजाला टिळकांनी दिलेली देणगी आहे. टिळकांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला. आमच्या 'उपासना संगीता'तली कितीतरी गीतं त्यांची. इतका प्रेमळ कवी, आणि तरी लक्ष्मीबाईंचं 'स्मृतिचित्रे' वाचलेल्या कुणालाही टिळकांचा संताप नव्याने सांगायला नको. नवरा ख्रिस्ती झाला तेव्हा लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळलं होतं. पाच वर्षांनी, 1900 साली, त्यांनी स्वतःही बाप्तिस्मा घेतला. पुढे 1934 साली पुस्तकाचा पहिला भाग निघाला तेव्हा टिळकांना जाऊन पंधरा वर्षं झाली होती. त्या पुस्तकात बाईंनी नवऱ्याच्या रागावर पांघरूण घातलेलं नाही आणि त्याचा हिशेबही चुकता केलेला नाही. त्या हसल्या आहेत. आणि आपल्यालाही हसवतात. बाप्तिस्म्याच्या पाण्याने टिळकांचा राग धुऊन निघाला नाही, हे त्यांनी जगाला सांगितलं. पण त्या रागाच्या माणसाचं मन कसं होतं, हेही त्यांच्याइतकं कुणी सांगितलं नाही. आण्णा म्हणायचे, देव माणसाचा स्वभाव बदलायला बसला तर त्याला दुसरं काम उरणार नाही. म्हणून तो स्वभाव तसाच ठेवतो आणि संध्याकाळची एक फेरी लावून देतो.

एका रात्रीची गोष्ट. मी दहा-अकरा वर्षांचा असेन. कशावरून तरी आण्णांनी मला बडवलं होतं आणि त्या दिवशी त्यांना लांबच्या एका गावी अंत्यविधीला जावं लागलं. परत आले तेव्हा काळोख पडला होता. मी जागा होतो, पण झोपेचं सोंग घेतलं. आण्णा माझ्या अंथरुणाशी येऊन बसले. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग हळूच म्हणाले, "आज उशीर झाला." एवढंच. मी डोळे उघडले नाहीत. मला वाटलं, बसू दे की जरा. माफी न देण्यातही एक गोडी असते, ती मला त्या रात्री पहिल्यांदा कळली. दुर्दैवाने ती मला आवडली.

इथवर मी तुम्हाला टाकी, ताट आणि टेप सांगत आलो. खरी गोष्ट मी टाळत होतो. ती सांगतो.

मला एक धाकटा भाऊ आहे. नगरला असतो. आण्णा गेले त्याला अकरा वर्षं झाली. आण्णांची एक पेटी होती, म्हणजे हार्मोनियम. तिच्यावर ते टिळकांची गीतं वाजवायचे. दोन स्वर बसले होते, भाता फाटका होता, पण आण्णांची होती. आण्णा गेल्यावर महिन्याभरात भावाने ती पेटी सातशे रुपयांना विकली. मला विचारलं नाही. मला कळलं ते सगळे नातेवाईक जमलेले असताना. मी भर माणसांत त्याला चोर म्हणालो. तो उठून गेला. मी पुण्याला आलो. त्यानंतर अकरा वर्षांत सूर्य चार हजार वेळा मावळला.

मी त्या रागाला राग म्हणत नसे. माझ्या हिशेबात ती येणे बाकी होती. बँकेत ज्या कर्जाची वसुली होत नाही ते बुडीत खात्यात टाकतात. पण खातं बंद करत नाहीत. दर वर्षी पुस्तक उघडायचं, आकडा बघायचा, पुन्हा मिटायचं. मी तेच करत होतो. आणि गंमत अशी की दर रविवारी प्रभूची प्रार्थनाही म्हणत होतो. मराठीत त्या प्रार्थनेत शब्दच 'ऋण' आहे. आम्ही आमच्या ऋणकोंना सोडलं, तसं तू आम्हाला सोड, अशी ती मागणी. बँकेतला माणूस असून मला या अर्जातली अट दिसली नाही. मी दर रविवारी स्वतःच्या हाताने लिहून देत होतो की माझ्या भावाला जो व्याजदर लावलाय तोच मला लावा.

हिशेबाचीच गोष्ट निघाली म्हणून सांगतो. पेत्राने एकदा विचारलं, भावाला किती वेळा क्षमा करायची, सात वेळा? येशू म्हणाला, सातांच्या सत्तर पट. म्हणजे चारशे नव्वद. मी मनात म्हटलं, माझी तर एकही झालेली नाही, अजून चारशे नव्वद शिल्लक आहेत, घाई काय? पण लगेच पुढे त्या चाकराचा दाखला आहे. राजाने ज्याला दहा हजार तालांतांचं कर्ज सोडलं आणि ज्याने बाहेर येऊन शंभर दीनारांसाठी सोबत्याचा गळा धरला. मी कागद-पेन्सिल घेतली. दीनार म्हणजे एका दिवसाची मजुरी. एका तालांताचे सहा हजार दीनार. दहा हजार तालांत म्हणजे सहा कोटी दिवसांची मजुरी. वर्षाला तीनशे दिवस कामाचे धरले तर दोन लाख वर्षं. आणि सोबत्याचं देणं शंभर दिवसांचं. ते काही थोडं नाही बरं का! तीन-साडेतीन महिन्यांचा पगार कुणी बुडवला तर मलाही राग येईल. दाखला सांगणाऱ्याला ते माहीत होतं. भावाने केलं ते काहीच नव्हतं, असं तो म्हणत नाही. पेटी सातशेची होती आणि विचारायला हवं होतं, हे कबूल. पण दोन लाख वर्षांचं कर्ज माफ झालेल्या माणसाने सातशे रुपयांसाठी अकरा वर्षं पुस्तक उघडं ठेवायचं का, एवढाच सवाल.

तरीही मी हललो नाही. हिशेब पटणं वेगळं आणि पैसे सुटणं वेगळं.

मग गेल्या वर्षी एका महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन होतं. पाळकसाहेबांनी डोंगरावरच्या प्रवचनातला उतारा घेतला. तू वेदीपाशी अर्पण आणलंस आणि तिथे तुला आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन भावाशी समेट कर, मग ये. हा उतारा मला तोंडपाठ होता. मी हाताची घडी घालून बसलो होतो. पाळकसाहेब म्हणाले, "इथे काय आठवलं म्हटलंय ते नीट वाचा. तुझ्या मनात भावाविरुद्ध काही आहे असं नाही म्हटलेलं. भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, असं म्हटलंय."

मी घडी सोडली. अकरा वर्षं मी माझ्याच बाजूचं खातं बघत होतो. पलीकडेही एक वही असेल आणि तिच्यात माझं नाव असेल, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

पाळकसाहेब पुढे म्हणाले, "हे ऐकणारे लोक गालीलातले. वेदी होती यरुशलेमला. मधलं अंतर शंभरावर किलोमीटर. पायी तीन-चार दिवस. म्हणजे कोकरू तिथे वेदीपाशी ठेवायचं, चार दिवस चालत गावी जायचं, भावाचे पाय धरायचे, चार दिवस चालत परत यायचं. तोवर कोकरू बें बें करत उभं."

लोक हसले. मी हसलो नाही. पुणे ते नगर एकशे वीस किलोमीटर आहे. आणि एसटी आहे.

भाकरीचं ताट माझ्यापर्यंत आलं, मी ते पुढे सरकवलं. बायकोने माझ्याकडे पाहिलं. तिने काही विचारलं नाही. दुपारी मी पिशवी घेतली तेव्हा ती फक्त म्हणाली, "स्वेटर ठेवलाय. आणि अहो, रस्त्यात कंडक्टरशी भांडू नका. राग तिथपर्यंत पुरायला हवा असेल तर."

तीन तासांनी पोचलो. भावाने दार उघडलं. त्याचे केस पिकले होते. ते मला कुणी सांगितलं नव्हतं. एसटीत मी एक चांगलं भाषण तयार केलं होतं. आधी पेटीचा विषय, मग आण्णांची शिकवण, मग माझा मोठेपणा आणि शेवटी क्षमा. दारात उभा राहिल्यावर त्यातला एक शब्दही आठवेना. आण्णांचा एवढासा विद्यार्थी आठवला आणि तोंडातून निघालं, "मी तुला चोर म्हणालो ते चुकलं."

तो दाराला धरून उभा राहिला. मग म्हणाला, "दादा, पेटी विकली ती चूक माझीच. तुला विचारायला हवं होतं. पण तू चोर म्हणालास ना, तेव्हा माझी मुलगी मागे दारात उभी होती. सात वर्षांची होती. रात्री तिने मला विचारलं, 'पप्पा, तुम्ही काय चोरलं?'"

माझ्याकडे याला उत्तर नव्हतं. ती पलीकडची वही. सातशे रुपयांच्या समोर तिच्यात हे लिहिलेलं होतं. मी आयुष्यभर बेरीज-वजाबाकी केली, पण ही रक्कम मला कुठल्या खात्यात टाकावी ते कळेना. ती मुलगी आता अठरा वर्षांची झालीय. तिने चहा आणला. मी तिच्यासमोर पुन्हा म्हटलं, "तुझ्या पप्पांनी काही चोरलं नव्हतं." ती म्हणाली, "मला माहीत आहे, मोठे पप्पा." चहात साखर जास्त होती. मी काही बोललो नाही.

आता हे वाचून तुम्हाला वाटेल की माझा राग गेला. तसं झालं असतं तर हा लेख एखाद्या साक्षीच्या सभेत शोभला असता. पाऊण तासात आम्ही पुन्हा भांडलो. आण्णा एक गीत कुठल्या चालीवर म्हणायचे यावरून. तो म्हणे ही चाल, मी म्हणे ती. आवाज चढले. भावजय बाहेर आली. मी पिशवी उचलली. तेवढ्यात धाकट्याने खिडकीबाहेर बघितलं आणि म्हणाला, "दादा, पाच मिनिटं आहेत हं."

आम्ही दोघेही एकदम आण्णांच्या पोरांसारखे हसलो. पेटी परत आली नाही, येणारही नाही. चाल कुठली ते अजून ठरलेलं नाही.

श्रद्धेने राग जातो का, असं मला कुणी विचारलं तर मी काय सांगावं? माझा गेला नाही. फक्त एक झालं. पूर्वी राग आला की मी विचारत असे, चूक कुणाची? या प्रश्नाचं उत्तर नेहमी बरोबर यायचं आणि माझ्याच बाजूने यायचं. हल्ली विचारावं लागतं, आधी कुणी जायचं? या प्रश्नाचं उत्तरही नेहमी माझ्याच बाजूने येतं, आणि ते मला मुळीच आवडत नाही. पण ज्याच्यासाठी कुणीतरी आधी आलेलं असतं, त्याला आपण आधी का जायचं हे विचारायची सोय राहत नाही. माझ्यापुरती श्रद्धा म्हणजे एवढंच.

आज दुपारीच धाकट्याचा फोन आला होता. त्याने ती चाल आण्णांच्या एका जुन्या विद्यार्थ्याला विचारली म्हणे, आणि तो विद्यार्थी त्याच्या बाजूचा निघाला. मी म्हटलं, त्या विद्यार्थ्याला सात नव्वे त्रेसष्ट येत नव्हतं, चाल काय आठवणार? आणि फोन आपटला. आता भिंतीवरच्या कॅलेंडरात बघतोय, तर आजचा सूर्यास्त सहा बावन्नला आहे आणि घड्याळात सहा एकेचाळीस झालेत. तेव्हा लेख इथेच आटोपता घेतो. फोन करायचा आहे, आणि तो पहिल्या रिंगला कधी उचलत नाही.